कोंड आटताना माशांना आसरा: किती, कुठे आणि कधी

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आहे, आणि थोडक्यात असा. गावच्या व्हाळावर (ओढ्यावर) एक कोंड, म्हणजे डोह, आहे. डिसेंबरात त्यात छातीएवढं पाणी असतं, एप्रिल सरता सरता ते गुडघ्याखाली येतं. गेल्या मे महिन्यात दोन-तीन सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले. गावच्या मंडळाकडे पंधरा हजार रुपये जमले आहेत. त्यातून पीव्हीसीच्या नळ्या आणि जुने टायर कोंडात टाकून माशांसाठी ‘घरं’ करायची आहेत. किती टाकावीत, कुठे टाकावीत?

टायरांचं आधी सांगून टाकतो: नको. टायरातून जस्त आणि रबर टिकावं म्हणून घातलेली रसायनं पाण्यात उतरतात. त्यातल्याच एका रसायनापासून बनणारा पदार्थ अमेरिकेत कोहो सामन माशांना काही तासांत मारतो, हे २०२० साली पुढे आलं. आपले मासे वेगळे, हे मान्य. पण पाणी न बदलणाऱ्या कोंडात हा प्रयोग कशाला करायचा? शिवाय पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर टायर वाहत जाऊन खालच्या बंधाऱ्यात अडकतात, आणि मग मंडळाचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणाने.

नळ्या चालतील, पण त्यांचा नंबर बराच नंतर येतो. आसरा टाकल्याने कोंडात एक थेंबही पाणी वाढत नाही. आसरा दोनच गोष्टी करतो: माशाला शिकाऱ्यापासून लपवतो, आणि सावली असेल तर पाणी थोडं थंड ठेवतो. तुमच्या कोंडातले मासे या दोन कारणांनी मरत असतील तर आसऱ्याचा उपयोग आहे. ते प्राणवायू कमी पडून मरत असतील, किंवा कोणीतरी पंपाने पाणी उपसत असेल, तर पन्नास नळ्या टाकूनही काही फरक पडणार नाही. सकाळी मासे तरंगताना दिसले या तुमच्या वाक्यावरून मला प्राणवायूचा संशय जास्त येतो. पण संशयावर पैसे खर्च करू नयेत, म्हणून आधी मोजमाप.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे आपल्याकडचा दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणं असं क्वचितच असतं. फेब्रुवारीपासून झरे बारीक होतात, त्याच वेळी कुळागरांना (पोफळी-नारळाच्या बागांना) पाणी सर्वात जास्त लागतं, आणि व्हाळाची धार तुटून सुटे सुटे कोंड उरतात. प्रत्येक कोंड आपापल्या कारणाने आटतो. ते कारण शोधायला एक बांबू आणि एक बादली पुरते.

बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करून तो कोंडाच्या सर्वात खोल जागी दगडांच्या आधाराने उभा करा. बादली काठोकाठ भरू नका, पाच-सहा सेंटिमीटर रिकामी ठेवा. ती कोंडातच एका सपाट दगडावर अशी ठेवा की तिचा काठ पाण्याच्या वर राहील आणि बाहेरचं पाणी आत येणार नाही. गुरं-माकडं त्यात तोंड घालू नयेत म्हणून वर मोठ्या भोकांची जाळी बांधा. बादलीतलं पाणी फक्त वाफ होऊनच कमी होतं; कोंडातलं पाणी वाफ, झिरप आणि उपसा या तिन्हींनी. सात दिवस दोन्हींची पातळी सकाळी आणि संध्याकाळी लिहून ठेवा. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात उघड्या पाण्याची दिवसाला साधारण पाच-सहा मिलिमीटर वाफ होते, म्हणजे आठवड्याला चार सेंटिमीटरच्या आसपास.

आता आकडे वाचायचे. बादली चार सेंटिमीटर उतरली आणि कोंड पाच, तर मुख्य नुकसान वाफेचं आहे. सावलीने फायदा होईल. कोंड बारा-पंधरा सेंटिमीटर उतरला, आणि रात्रीही तेवढाच उतरतो आहे, तर पाणी तळातून किंवा खालच्या बाजूने झिरपतं आहे. ठरावीक वेळीच एकदम उतरतो, तर कुठेतरी पंप आहे. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी साठ सेंटिमीटर खोल अशा कोंडात साधारण त्रेचाळीस हजार लिटर पाणी असतं. मिनिटाला शंभर लिटर ओढणारा छोटा पंप ते सात-साडेसात तासांत संपवतो. अशा वेळी पोफळीवाल्याशी बसून बोलणं हाच सर्वात स्वस्त आसरा. शेवटची चाळीस-पन्नास सेंटिमीटर पातळी राखायची आणि पंपाचं फूटव्हॉल्व (पाणी ओढणारं तोंड) त्या उंचीच्या खाली उतरवायचं नाही, एवढं ठरलं तरी बरंच साधतं. फूटव्हॉल्व दगडावर बांधून उंची पक्की करता येते, मग रोज कुणावर विश्वास ठेवत बसावं लागत नाही.

तिसरं साधन थर्मामीटर. दुपारी तीन वाजता आणि पहाटे सहा वाजता, वरचं आणि तळाचं असं दोन ठिकाणचं तापमान घ्या. दुपारी वर ३४ आणि तळाला २९ अंश असेल तर माशाला खाली जायला जागा आहे. दोन्हीकडे ३३-३४ असेल तर नाही. पन्नास सेंटिमीटरपेक्षा उथळ, उघड्या कोंडात हेच होतं. गरम पाण्याची अडचण दुहेरी असते. २५ अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशाला सातच. उलट तापमान दहा अंशांनी वाढलं की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते.

मासे कसे मरतात हेही बघून ठेवा. उजाडताना मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि नऊ-दहा वाजेपर्यंत पुन्हा खाली जात असतील, तर रात्रीच्या प्राणवायूची टंचाई आहे. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तोच खातं, त्यामुळे सर्वात वाईट वेळ उजाडण्याच्या आधीची. यात मोठे मासे आधी जातात. मरळ, डाकू या माशांना त्याचं फारसं काही वाटत नाही, ते वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात. म्हणून ‘मरळ मजेत आहे, मग पाणी चांगलंच असणार’ हा निष्कर्ष चुकीचा. छोटे-मोठे सगळे एकाच वेळी, भर दिवसा मेले तर विषाचा विचार करा. आणि मेलेले मासे दिसतच नाहीत, नुसती संख्या घटते आहे, तर बगळे, पाणकावळे, खंड्या किंवा रात्री बॅटरी घेऊन येणारी माणसं. फक्त या शेवटच्या प्रकारात लपायच्या जागा हा पहिला उपाय ठरतो.

कोंड निवडण्याबद्दल एक मत स्पष्ट सांगतो. व्हाळावर तीन-चार कोंड असतील तर सगळ्यांत थोडं थोडं काम करू नका. जो कोंड वाईट वर्षीही जूनपर्यंत टिकतो, तो एकच घ्या. ज्यात मार्चमध्येच तीस सेंटिमीटर पाणी आहे आणि रोज दीड-दोन सेंटिमीटर उतरतं आहे, तो वाचत नाही. तिथे आसरा म्हणजे बगळ्याला ताट वाढणं. आपल्या व्हाळांतले मासे आटण्याला काही अंशी सरावलेले आहेत. पाऊस पडला की टिकलेल्या एका कोंडातले मासे चढणीला लागून (प्रवाहाविरुद्ध वर चढून) वरचा सगळा व्हाळ पुन्हा भरतात. म्हणून तो एक कोंड नीट राखायचा.

आता बांधणी. गोव्यात यासाठी जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखी दुसरी वस्तू नाही. तो जड असतो, खरबरीत असतो, पाण्याचा सामू (pH) बिघडवत नाही, आणि तुटके चिरे कुठल्याही बांधकामावर पडलेले असतात. जोडीला जुनी मंगलोरी कौलं. नवं काँक्रीट मात्र वापरू नका. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि साचलेल्या पाण्याचा सामू चढतो. काँक्रीटच्या जुन्या, पावसाळे पाहिलेल्या तुकड्यांना हरकत नाही.

चिरा साधारण ३५ सेंटिमीटर लांब, २२ रुंद आणि १८ उंच धरू. सपाट बाजूवर ठेवून एकाशेजारी एक असे अकरा चिरे लावा, प्रत्येक दोघांत बारा सेंटिमीटरची फट सोडा. अशा दहा फटी मिळतात. प्रत्येक फटीवर एक कौल. कौलाची रुंदी २३-२४ सेंटिमीटर असते, म्हणजे ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांवर पाच-सहा सेंटिमीटर टेकतं, आणि लांबीने पूर्ण फट झाकली जाते. कौलावर एक ओंजळभर दगड ठेवा, नाहीतर म्हशीच्या पायाने सरकतं. या ओळीची उंची वीस-बावीस सेंटिमीटर होते, लांबी साडेतीन मीटरच्या जरा वर. पाणी चाळीस सेंटिमीटरवर आलं तरी ती पूर्ण बुडालेली राहते, आणि सगळं गणित त्याच पातळीवर करायचं असतं. फेब्रुवारीत छान दिसणारा काठाजवळचा आसरा एप्रिलमध्ये कोरड्या दगडांचा ढीग होतो, आणि त्यातले मासे बाहेर पडायला उशीर झाला तर आतच अडकतात. म्हणून तळ मोजूनच जागा ठरवा: सर्वात खोल भाग, आणि त्याला लागून. खोल भागाचा मधला पट्टा मोकळा सोडा. खवळ्यांसारखे झुंडीने फिरणारे मासे बिळात शिरत नाहीत, त्यांना फिरायला पाणी लागतं.

फटींची तोंडं प्रवाहाच्या दिशेने असू द्या, म्हणजे पहिल्या पाण्यात आत गाळ साचत नाही. दोन्ही टोकं उघडी हवीत. एकाच तोंडाच्या बिळात पाणी फिरत नाही, तळाशी प्राणवायू आधीच कमी, आणि मागून पळवाट नसेल तर वाम किंवा मरळ आत शिरली की छोट्यांची सुटका नाही.

इथेच बरेच लोक फसतात. सगळ्या फटी सारख्याच मोठ्या ठेवल्या तर त्या मरळीच्या होतात. छोटे मासे, कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं यांना तीन-चार सेंटिमीटरहून मोठी फट उपयोगाची नसते. त्यासाठी चिऱ्यांच्या ओळीपासून मीटरभर अंतरावर मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या गोट्यांचा ढीग करा, मीटरभर रुंद आणि पंचवीस सेंटिमीटर उंच. गोटे त्याच व्हाळाच्या कोरड्या पात्रातून घ्या, पण एकाच जागेवरून सगळे उचलू नका. १९९२ साली गोव्यातूनच शास्त्राला नव्याने कळलेला पेथिया सेटनाई हा इवलासा मासा अशाच स्वच्छ व्हाळांतला आहे. अशा माशांसाठी हा गोट्यांचा ढीग चिऱ्यांच्या ओळीपेक्षा महत्त्वाचा.

किती? सर्वात कमी पाणी असताना जेवढा तळ बुडालेला असेल त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग आसऱ्याखाली असावा. एप्रिलअखेर कोंड सहा बाय तीन मीटर उरत असेल तर अठरा चौरस मीटरपैकी पाच-सहा. चिऱ्यांच्या दोन ओळी आणि गोट्यांचे तीन ढीग एवढ्यात ते होतं. त्याहून जास्त भरलं तर दगडांनी पाण्याची जागा खाल्ली जाते. अठरा चौरस मीटरांत चाळीस सेंटिमीटर पाणी म्हणजे फार तर सात हजार लिटर, हे विसरू नका.

आता नळ्या. वाम आणि शिंगटी यांना त्या आवडतात. ६३ मिलिमीटर आणि ११० मिलिमीटर अशा दोन जाडीच्या घ्या, चाळीस-पन्नास सेंटिमीटरचे तुकडे करा, कापलेली कड कानशीने घासा. सहा-सहा तुकड्यांची मोळी सुंभाने किंवा नायलॉन दोरीने घट्ट बांधा, त्यातल्या एका नळीत वाळू भरून दोन्ही तोंडं बंद करा, म्हणजे मोळी जागेवर बसते. कुळागरातली काळी ठिबकची किंवा पाण्याची नळी वापरायला जाऊ नका, ती पाण्याहून हलकी असते आणि तरंगते. अशा चार मोळ्या पुष्कळ झाल्या.

बांबू चालतो, पण ताजा नको. तोडलेला बांबू दुसरीकडे वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे मुरवा आणि प्रत्येक पेऱ्याला भोक पाडा, नाहीतर तो खाली बसणारच नाही. झाडाच्या फांद्या टाकायच्या तर पूर्ण वाळलेल्या, बिनपानाच्या. हिरवा पाला कुजताना जेवढा प्राणवायू खातो, तेवढ्यात मासे मरायला पुरतं. गेळ, रामेठा, शेर, काजरा या विषारी झाडांची एक काडीही नको; यांतल्या गेळ आणि रामेठ्याने मासे गुंगवून पकडायची रीत जुन्या माणसांना माहीत आहे.

सावलीकडे वळू. तुमचा कोंड झाडांखाली असेल तर हा भाग सोडून द्या. उघडा असेल तर तीन बाय दोन मीटरचा बांबूचा सांगाडा, पाण्यापासून मीटर-सव्वा मीटर उंच, आणि त्यावर पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा नारळाच्या चुडतांची विणलेली झापं. खांब तळात ठोकू नका. जांभ्याच्या खाली किंवा फटींत जो चिकण थर असतो, तोच बऱ्याचदा कोंडातलं पाणी धरून ठेवतो. त्याला भोक पाडलं तर वाफ वाचवता वाचवता झिरप वाढेल. खांब दगड भरलेल्या डब्यांत उभे करा किंवा दोन्ही काठांवरच्या झाडांना दोर ताणून सांगाडा लटकवा. सावली पश्चिमेच्या बाजूने धरा, म्हणजे दुपारी दोन ते पाचचं ऊन अडतं. पाण्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकू नका: वारा अडला की हवेतून मिळणारा प्राणवायूही कमी होतो. चुडतांची टोकं पाण्यात लोंबकळू देऊ नका, ती तिथेच कुजतात. पाण्यावर जलपर्णी किंवा सालव्हिनिया (वेगाने पसरणारी पाणतणं) सोडून सावली करायची कल्पना कोणी सुचवली तर हात जोडा.

बगळ्यांसाठी कोंडावर मासेमारीचं जाळं पसरतात, तेही टाळा. त्यात धामणी, दिवड आणि खंड्याच अडकून मरतात. त्याऐवजी पाण्यापासून अर्धा मीटर उंचीवर चाळीस सेंटिमीटर अंतराने जाड, ठळक दिसणाऱ्या दोऱ्या ताणा. पाणकावळ्याला उतरायला आणि उडायला लांब मोकळी जागा लागते, ती मिळत नाही. ढोकरी (छोटा बगळा) मात्र काठावरून चालत येतेच. तिच्यासाठी आसराच पाहिजे. पाणमांजराचे ठसे दिसले तर काही करू नका. त्याचाही कोंड आहे.

प्राणवायूबद्दल, कारण तुमच्या वर्णनावरून इथेच बहुतेक पैसे जायला हवेत. कोंडाजवळ वीज असेल तर लहान पंपाने कोंडातलंच पाणी उचला आणि मीटरभर उंचीवरून, भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून परत कोंडातच पाडा. पहाटे तीन ते सात एवढाच वेळ. दिवसभर चालवून वीज जाळण्यात अर्थ नाही, दुपारी शेवाळ ते काम फुकट करतं. पंपाचं तोंड तळापासून पंधरा-वीस सेंटिमीटर वर, बारीक जाळीच्या टोपलीत ठेवा. तळाचा गाळ उचलला गेला तर उलटं होतं. वीज नसेल तर छोटा सौर पंप आणि बॅटरी लागते, कारण गरज असते तेव्हा सूर्य नसतो. पंधरा हजारांत हे बसवायला मंडळाला जरा शोधाशोध करावी लागेल, पण नळ्यांवर ते उडवण्यापेक्षा हे बरं.

कुळागरातला फवारणीचा पंप किंवा त्याचं पिंप यासाठी अजिबात आणू नका. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी त्यातून बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, आणि त्यातलं मोरचूद (तांब्याचा क्षार) माशांना फार कमी प्रमाणातही घातक असतं. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर होते, म्हणजे नेमकी कोंड सर्वात लहान असताना. पंप आणि पिंपं व्हाळात धुवायची नाहीत, एवढं गावात बोलून ठेवा. ‘सगळे एकदम, भर दिवसा मेले’ याचं उत्तर कधी कधी तिथेच सापडतं.

टँकरने पाणी टाकण्याचा हिशेब: शंभर चौरस मीटर पाण्याच्या कोंडात दहा हजार लिटरचा टँकर दहा सेंटिमीटर पातळी वाढवतो. झिरप मोठी असेल तर ते आठवडाभरही टिकत नाही. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. ते उघड्या टाकीत एक दिवस उन्हात ठेवा, किंवा दर मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅमच्या हिशेबाने सोडियम थायोसल्फेट घाला. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसलं तरी प्राणवायूही जवळजवळ नसतो, त्यामुळे ते दगडांवरून उसळवत आत सोडा.

पाणी ‘साफ’ करायला चुना किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकू नका. साचलेल्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून अमोनिया जमतो. ३० अंशाला सामू ७ असताना त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की चाळीस टक्क्यांहून जास्त. चुन्याने नेमकं तेच होतं. पाव, भात, कुरमुरे घालणंही थांबवा. उन्हाळ्यात माशांना उपाशी राहण्याने धोका नाही, कुजलेल्या भाताने आहे. कपडे धुण्याची आणि म्हशी बसण्याची जागा शक्य असेल तर खालच्या दुसऱ्या कोंडावर न्या.

आता माणसांचं. लपायच्या जागेभोवती मासे गोळा होतात, हे मासे पकडणाऱ्यांनाही ठाऊक आहे. बांगलादेशात काठा आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये अकाजा या नावाने फांद्यांचे असेच ढीग मुद्दाम टाकतात, आणि मासे जमले की त्याला जाळं लावून उपसतात. तुम्ही राखण न करता बांधलेला आसरा कोणाच्या तरी आयत्या उपयोगी पडेल. म्हणून काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या: अमुक कोंडात फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत मासेमारी नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा आहे, हे फलकावर लिहा. रायगडमध्ये महाडजवळ वाळणकोंडीत मोठाले मासे टिकले आहेत ते देवाच्या धाकाने, कोणी घरं बांधली म्हणून नव्हे. फेकजाळं अडवायला खोल भागात बोथट टोकांचे दहा-बारा लाकडी खुंट दगडांत रोवून, पाण्याच्या पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटर राहतील असे ठेवता येतात. जाळं एकदा फाटलं की माणूस पुन्हा तिथे टाकत नाही. आणि आसरे बांधतानाचे फोटो जागेच्या नावासकट मोबाइलवर फिरवू नका.

परवानगीचा विषय कोंड कुठे आहे यावर अवलंबून आहे. तो १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याच्या हद्दीत असेल तर एक दगड हलवायलाही वन खात्याला विचारावं लागेल. बाहेर असेल तर जलस्रोत खात्याला लेखी कळवा, विशेषतः खाली बंधारा असेल तर. त्याच पत्रात एक विनंती घाला: मे महिन्यात बंधाऱ्याच्या फळ्या काढताना सगळ्या एकदम न काढता, एकेक थर दोन-तीन दिवसांच्या अंतराने काढाव्यात. एकदम काढल्या की फुगवट्यातले मासे काठच्या चिखलात अडकतात, आणि त्यांना कुठलाच आसरा उपयोगी पडत नाही.

मासे उचलून दुसरीकडे नेणं हा शेवटचा उपाय. कोंड आता दोन-चार दिवसांत संपणार हे नक्की झालं तरच, आणि पहाटेच. वीस लिटरच्या बादलीत अर्ध्या किलोहून जास्त मासे नकोत, हात ओले हवेत, आणि सोडण्याआधी नव्या कोंडाचं पाणी थोडं थोडं बादलीत घालत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. फक्त त्याच व्हाळाच्या दुसऱ्या कोंडात सोडा. म्हादईच्या खोऱ्यातले मासे जुवारीच्या खोऱ्यात नाही, देवळाच्या तळीत नाही, विहिरीत नाही. पकडताना तिलापिया किंवा थाई मागूर असा परदेशी मासा सापडला तर तो परत पाण्यात सोडू नका.

वेळापत्रकाचं म्हणाल तर चिरे-गोट्यांचं काम जानेवारी-फेब्रुवारीत, धार वाहती असतानाच उरका. एप्रिलमध्ये आत उतरून दगड लावायला गेलात तर तळचा गाळ ढवळला जातो, आणि वाचवायला गेलेले मासे त्याच रात्री मरतात. कोंडात खड्डा खणून खोली वाढवायची असेल तर तेही याच काळात, परवानगी घेऊन, आणि चिकण थर लागला की थांबायचं. सावली मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मेच्या शेवटी आभाळ भरून येतं, ऊन नसल्याने शेवाळ काम करत नाही, हवा कोंदते. पंप असेल तर या दिवसांत रात्रभर चालवा. पहिला जोराचा पाऊस रानातली राख, पाला आणि गुरांचं शेण एकदम कोंडात आणतो आणि तळचा गाळ ढवळतो. ‘पाऊस आला, सुटलो’ असं वाटत असतानाच मासे मरतात, ते या कारणाने. धार नीट वाहू लागेपर्यंत, म्हणजे आणखी तीन-चार दिवस, पंप काढू नका. मग शेडनेट, दोऱ्या, खुंट आणि नळ्या बाहेर काढून घ्या. चिरे आणि गोटे राहू द्यायला हरकत नाही, फक्त ते चढणीच्या वाटेवर आडवे येत नाहीत ना, ते पाहा.

सध्या पैसे खर्च न करता बादली, बांबू आणि थर्मामीटर एवढंच लावा. आठवड्याने हे कळवा: कोंड किती उतरला, बादली किती उतरली, दुपारचं वरचं आणि तळाचं तापमान, सर्वात खोल जागी किती पाणी आहे, आणि पहाटे सहाला मासे वर येतात का. त्यावरून सावली, पंप आणि चिरे यांत पंधरा हजार कसे वाटायचे ते सांगता येईल.